‘नवऱ्याशिवाय कुणाशी संबंध नाही’, मग संसर्ग आला कुठून?

प्रश्न असा आहे: “मी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. सध्या एका ग्रामीण रुग्णालयात आयसीटीसीला, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, पोस्टिंग आहे. आम्हाला शिकवलं की जितके जोडीदार जास्त तितका एचआयव्हीचा आणि गुप्तरोगांचा धोका जास्त. पण इथे पॉझिटिव्ह निघणाऱ्या बहुतेक बायका सांगतात, नवऱ्याशिवाय आयुष्यात कुणाशी संबंध आला नाही. सगळ्याच खोटं बोलतात का? उलट ज्याच्याबद्दल अख्खं गाव कुजबुजतं असा एक माणूस तीनदा तपासूनही निगेटिव्ह आला. मग जोडीदारांच्या संख्येला अर्थ काय?”

आधी बायकांचं. त्या खोटं बोलत नाहीत. मीही शिकाऊ असताना हाच संशय घेतला होता, आणि तो चुकीचा होता हे पुण्यातल्याच एका अभ्यासाने दाखवून दिलं. १९९३ ते १९९६ या काळात पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या ९१६ स्त्रियांची तपासणी झाली. डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये तिचे निष्कर्ष छापले. त्यातल्या ५२५ जणी देहविक्रय करणाऱ्या होत्या आणि त्यांच्यात एचआयव्हीचं प्रमाण ४९.९ टक्के निघालं. याची तोवर सगळ्यांना अपेक्षा होतीच. धक्का दिला तो उरलेल्या ३९१ जणींनी. या संसारी बायका होत्या, बहुतेकींचा एकाच पुरुषाशी संबंध आलेला, आणि त्यांच्यात प्रमाण होतं १३.६ टक्के. आता या दवाखान्यात आलेल्या बायका आहेत, काहीतरी त्रास होता म्हणूनच आल्या होत्या. तेव्हा हा आकडा गावातल्या सगळ्या बायकांना लावायचा नाही. पण या बायकांमध्ये धोका कशाशी जोडलेला निघाला ते लक्षात ठेवा: नवऱ्याला गुप्तरोग असण्याशी. स्वतःच्या वागण्याचा त्यात जवळजवळ काही भागच नव्हता.

हे समजायला मी विद्यार्थ्यांना एसटीचं उदाहरण देतो. एखाद्या वाडीवर दिवसातून एकच गाडी येते, रात्रीची मुक्कामी. वाडीच्या बाजूने बघितलं तर जगाशी नातं एकाच गाडीचं. पण ती गाडी येते कुठून? तालुक्याच्या स्टँडवरून. तालुक्याच्या स्टँडवर जिल्ह्याच्या गाड्या येतात, आणि जिल्ह्याच्या स्टँडवर मुंबई, बेळगाव, सोलापूर, हैदराबाद. म्हणजे वाडी एका गाडीने सगळ्या मुलखाला जोडलेली आहे. दुसरीकडे डोंगरातल्या पाच वाड्या आपसात दिवसभर जीप फिरवत असतील, पण बाहेरची एकही गाडी तिथे येत नसेल, तर वर्दळ भरपूर असूनही बाहेरचं काही आत येणार नाही.

तुमच्या आयसीटीसीतली बाई म्हणजे ती एका गाडीची वाडी. आणि गाव ज्याच्याबद्दल कुजबुजतं तो माणूस बहुधा त्या पाच वाड्यांत फिरणारी जीप आहे. त्याचे संबंध चार असतील, सहा असतील, पण ते सगळे एका बंदिस्त वर्तुळातले असतील आणि त्या वर्तुळात विषाणू अजून शिरला नसेल. किंवा तो कंडोम वापरत असेल, याची शक्यता गावकरी कधीच धरत नाहीत. किंवा निव्वळ नशीब. त्याच्याकडे शेवटी पुन्हा येतो.

तेव्हा पहिली गोष्ट अशी की धोका ठरतो तो जाळ्यात तुम्ही कुठे बसला आहात यावर. तुमच्या हातातून किती धागे निघतात हा त्याचा एक भाग झाला. ते धागे पुढे कुठे जातात हा मोठा भाग, आणि तो बहुतेकांना स्वतःलाही माहीत नसतो. नवऱ्याला विचारा, त्याला त्याचे स्वतःचे संबंध माहीत असतात. ज्या बाईकडे तो गेला, तिच्याकडे त्या महिन्यात आणखी कोण कोण येऊन गेलं, आणि ते कुठे कुठे जाऊन आले होते, हे कुणाला माहीत असणार?

दुसरी गोष्ट वेळापत्रकाची, आणि ती शिकवताना नेहमी सुटते. एसटीत पुढची गाडी मिळायला आधीची गाडी वेळेवर पोचावी लागते. सकाळी आठला सुटलेल्या गाडीत दहाला आलेला प्रवासी बसू शकत नाही. संसर्गाचंही तसंच असतं. एका माणसाचं लग्नाआधी एका मुलीशी प्रेमप्रकरण होतं, ते संपलं, मग लग्न झालं. त्या मुलीला पुढे कधी संसर्ग झाला तरी तो मागे वळून या जोडप्याकडे येत नाही. कागदावर रेष आहे, पण त्या रेषेवरून त्या दिशेने काही येऊ शकत नाही. याउलट एक माणूस महिन्यातून तीन आठवडे मुंबईत आणि एक आठवडा गावी असेल आणि दोन्हीकडे संबंध चालू असतील, तर दोन्ही बाजूंनी सतत ये-जा. आज इकडे लागलं ते आठवड्यात तिकडे. दोघांच्याही आयुष्यात जोडीदार दोनच, संख्या सारखीच. पण एकाने ते एकामागून एक ठेवले, दुसऱ्याने एकाच वेळी. संसर्गाच्या दृष्टीने ही दोन वेगळी माणसं आहेत.

त्यातही एचआयव्हीची एक खोड आहे. लागण झाल्यावरच्या पहिल्या काही आठवड्यांत रक्तातल्या विषाणूंची संख्या प्रचंड वाढते आणि माणूस सर्वांत जास्त संसर्ग पसरवण्याच्या अवस्थेत असतो. नेमका याच वेळी तो विंडो पिरियडमध्ये असू शकतो, म्हणजे लागण झालेली, पण तपासणी अजून निगेटिव्ह. संबंध एकामागून एक असतील तर हे धोक्याचे आठवडे बहुधा ज्याच्याकडून लागण झाली त्याच्याच सोबत जातात, म्हणजे वाया जातात, असं विषाणूच्या बाजूने म्हणू. एकाच वेळी दोन असतील तर ते दुसऱ्याच्या वाट्याला येतात. अमेरिकेतल्या मार्टिना मॉरिस आणि नेदरलँड्समधल्या मिर्यम क्रेट्शमार यांनी १९९०च्या दशकात हे गणिताने मांडलं. आफ्रिकेतल्या साथीचा किती वाटा या एकाच कारणाचा, यावर तज्ज्ञांमध्ये पुढे कडाक्याचे वाद झाले. त्या वादात मी पडत नाही. आमच्या भागात मुंबई-गाव-मुंबई करणारे नवरे आणि गावी राहिलेल्या बायका इतक्या पाहिल्यात, की इथल्यापुरती मला शंका उरलेली नाही. ज्या वाटेने मनीऑर्डर यायची त्याच वाटेने हेही आलं.

आता थोडं गणित, घाबरू नका. साथ पसरते की विझते हे तीन गोष्टींच्या गुणाकारावर ठरतं: एका बाधित जोडीदाराकडून दुसऱ्याला लागण होण्याची शक्यता, नवे जोडीदार होण्याचा वेग, आणि माणूस किती काळ संसर्ग पसरवू शकतो तो कालावधी. गुणाकार एकाच्या वर गेला तर साथ वाढते, खाली राहिला तर हळूहळू मरते. पण मधल्या आकड्यात, म्हणजे जोडीदारांच्या वेगात, सरासरी घालून चालत नाही, इथे सगळी गोम आहे.

समजा १०० पुरुष आहेत आणि प्रत्येकाचे वर्षात दोन जोडीदार. सरासरी दोन. आता दुसरे १०० घ्या: ९० जणांचा एकेक जोडीदार, १० जणांचे अकरा-अकरा. एकूण दोनशे, सरासरी पुन्हा दोनच. सर्वेक्षणाच्या अहवालात दोन्ही गावं सारखी दिसतील. रॉबर्ट मे आणि रॉय अँडरसन यांनी १९८०च्या दशकात दाखवलं की अशा वेळी साथीला जो आकडा ‘जाणवतो’ तो सरासरी अधिक विचरण भागिले सरासरी इतका असतो. विचरण म्हणजे आकडे सरासरीपासून किती विखुरले आहेत त्याचं माप. पहिल्या गावात विचरण शून्य, म्हणून आकडा दोनच. दुसऱ्या गावात विचरण नऊ येतं, नऊ भागिले दोन साडेचार, अधिक दोन, म्हणजे साडेसहा. सरासरी तीच आणि साथीचा जोर तिप्पटीहून जास्त. कारण सोपं आहे. ज्याचे जोडीदार जास्त त्याला लागण होण्याची शक्यता जास्त, आणि एकदा झाली की पुढे देण्याची शक्यताही त्यालाच जास्त. दोन्ही बाजूंनी तोच मोजला जातो. खऱ्या आयुष्यात वाटणी दुसऱ्या गावासारखीच असते. स्वीडनमधल्या १९९६च्या सर्वेक्षणावरून २००१ मध्ये हेच निघालं: बहुतेकांचे मोजकेच जोडीदार, आणि अगदी थोड्यांचे फार. २०२२ मध्ये एमपॉक्सची साथ समलिंगी पुरुषांच्या जाळ्यात झपाट्याने पसरली आणि बाहेर फारशी आली नाही, त्याचाही खुलासा ‘थोड्यांचे फार’ या वाटणीने करता आला.

परमा (गनोरिया) हा आजार तर या गणिताचं पाठ्यपुस्तकातलं उदाहरण आहे. परम्याची लागण पटकन होते. बाधित पुरुषाकडून स्त्रीला एका संबंधात जवळजवळ निम्मी शक्यता, स्त्रीकडून पुरुषाला पाचात एकच्या आसपास. पण तो टिकतो थोडा, कारण पुरुषाला पू आणि जळजळ सुरू झाली की तो दवाखान्यात धावतो. इतक्या थोड्या काळात पुढे जायचं तर जोडीदार भराभर बदलणारी माणसं हवीत. अमेरिकेत यॉर्क आणि हेथकोट यांनी १९७८ मध्ये मांडलं की परमा समाजात टिकून राहतो तोच मुळी एका छोट्या गटाच्या जोरावर, बाकीच्यांमध्ये तो केवळ ओसंडून येतो. पुढे कोलोराडो स्प्रिंग्ज शहरात जॉन पॉटरॅट आणि त्यांच्या लोकांनी रुग्णांच्या मागे मागे जाऊन पाहिलं, तर बरीचशी प्रकरणं मोजक्या वस्त्यांत आणि मोजक्या बारमध्ये जाऊन मिळत होती.

एचआयव्हीचं उलटं. उपचार नसलेल्या नवऱ्याकडून बायकोला एका संबंधात लागण होण्याची शक्यता साधारण हजारात एक. हे ऐकून विद्यार्थी म्हणतात, मग एवढी भीती कशाला? तर वर्षाला शंभर संबंध धरा. वर्षाचा धोका दहा टक्क्यांच्या आसपास जातो, आणि तो दरवर्षी. लग्न म्हणजे तीच पुनरावृत्ती. आणि बाहेरून नवऱ्याला एका-दोन भेटींत कसा लागला? इथे गरमीचा (सिफिलीसचा) चट्टा, मृदू व्रण (शँक्रॉइड), हर्पिस यांचा हात असतो. जननेंद्रियावर जखम असली की हा हजारातला एक बघता बघता वाढतो. नुसत्या हर्पिसनेही एचआयव्ही लागण्याचा धोका साधारण दुप्पट-तिप्पट होतो. १९९०च्या दशकात आमच्या ओपीडीत अशा जखमांचे रुग्ण रांगेने बसलेले असत. एचआयव्हीने मुंबई-पुण्यात जो वेग घेतला तो या जखमांच्या वाटेने घेतला असं माझं मत आहे. तुमच्या पिढीला मृदू व्रण पुस्तकातच दिसेल, आणि ही चांगली बातमी आहे.

आता एका गोष्टीवर मला थोडं थांबायचं आहे, कारण आयसीटीसीत बसणाऱ्या माणसाच्या हातात ती असते. आमच्याकडे गरोदरपणात प्रत्येक बाईची तपासणी होते. नवऱ्याची तशी ठरलेली वेळ कुठेच येत नाही. त्यामुळे घरात सगळ्यांत आधी सापडते ती सून. आणि आधी सापडली म्हणजे तिनेच आणला, असा हिशेब घरचे करतात. मला एक मुलगी आठवते, एकोणीस-वीस वर्षांची, पाचवा महिना. रिपोर्ट आल्यावर सासू समुपदेशकांच्या खोलीबाहेर उभी राहून म्हणाली, “आमच्या घरात असलं काही नव्हतं, ही आली आन् हे आलं.” नवरा तपासणीला तयारच होईना. तीन आठवडे आमची समुपदेशक त्याच्या मागे लागली. शेवटी तो आला तेव्हा पॉझिटिव्ह तर होताच, पण त्याची सीडी-४ संख्या, म्हणजे एचआयव्ही ज्या प्रतिकारपेशी मारतो त्यांची मोजणी, इतकी खाली गेलेली होती की संसर्ग कित्येक वर्षांचा असणार हे उघड होतं, आणि लग्नाला झालं होतं दीड वर्ष. बाण कोणत्या दिशेने होता हे सांगायला वेगळ्या पुराव्याची गरज नव्हती. मी मुद्दाम सांगतो, प्रत्येक वेळी सीडी-४ वरून असं ठरवता येत नाही, आणि ठरवायच्या भानगडीत तुम्ही पडूही नका. पण ‘आधी सापडणं’ आणि ‘आधी लागणं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं घरच्यांसमोर ठामपणे सांगणं तुमचं काम आहे. त्या मुलीला माहेरी धाडायची तयारी झाली होती.

मध्यभागी कुणी जास्त जोडीदारांची व्यक्ती असेल तरच जाळं बनतं असंही समजू नका. अमेरिकेतल्या एका शाळेत बेअरमन, मूडी आणि स्टोव्हेल यांनी दीड वर्षातल्या प्रेमसंबंधांचा नकाशा काढला आणि तो २००४ मध्ये छापला. संबंध असलेल्या ५७३ मुलामुलींपैकी २८८ एकाच लांबलचक साखळीत निघाले. त्यात कुणी मोठं ‘स्टँड’ नव्हतं; बहुतेकांचे एक किंवा दोनच संबंध. मुलांना विचारलं असतं तर बहुतेकांनी सांगितलं असतं की माझी एक-दोनच प्रकरणं होती. आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातल्या लिकोमा बेटावर हेलेरिंगर आणि कोहलर यांनी असंच काम केलं. तिथेही तरुणांपैकी जवळजवळ निम्मे एकाच मोठ्या घडात जोडलेले होते, आणि चौथ्या हिश्शाहून अधिक लोक एकापेक्षा जास्त वेगवेगळ्या वाटांनी जोडलेले. हा फरक कामाच्या दृष्टीने मोठा आहे. शाळेसारखी बारीक साखळी असेल तर कुठल्याही दोन-चार कड्या तुटल्या तरी तिचे तुकडे होतात, म्हणून तिथे सगळ्यांना थोडं थोडं सावध करणंसुद्धा उपयोगी पडतं. लिकोमासारखं असेल तर एक वाट बंद केली तरी दुसरी असते. आणि एसटी स्टँडसारखं असेल तर वाडीवाडीत पोस्टर लावण्यापेक्षा स्टँडवर काम करणं शहाणपणाचं.

थायलंडने नेमकं तेच केलं. रात्चबुरी प्रांतात १९८९ मध्ये डॉ. विवत रोजनपिथयाकोर्न यांनी नियम घातला की कुंटणखान्यात कंडोमशिवाय गिऱ्हाईक घ्यायचंच नाही, आणि तो सगळ्यांना एकदम लागू. एकाच घराने नियम पाळला असता तर गिऱ्हाईक शेजारच्या घरात गेलं असतं. पुरुष परमा घेऊन सरकारी दवाखान्यात आला की त्याला विचारायचे, कुठे गेला होतास? आणि त्या घराची चौकशी व्हायची. दोन-तीन वर्षांत हे देशभर गेलं. देहविक्रयात कंडोमचा वापर १९८९ मध्ये १४ टक्के होता तो १९९३ मध्ये ९४ टक्के झाला, आणि सरकारी दवाखान्यांतले पुरुषांचे गुप्तरोग ७९ टक्क्यांनी घटले. लक्षात घ्या, हा नियम घराघरातल्या बायकांसाठी नव्हता. स्टँडवर काम झालं आणि वाड्या वाचल्या. या पद्धतीत पोलिसी दट्ट्या होता, बायकांना विचारून काही ठरलं नव्हतं, आणि तो भाग मला पटत नाही.

सांगलीत वेगळ्या रीतीने झालं. १९९२ पासून संग्राम संस्थेच्या कामात धंदा करणाऱ्या बायकाच आपल्या वस्तीत कंडोम वाटू लागल्या, आणि १९९६ मध्ये त्यांनी वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी केली. स्वतःची संघटना असेल तर ‘कंडोम नाही तर जा’ हे वाक्य एकटीचं राहत नाही, शेजारच्या खोलीतही तेच ऐकू येतं. थायलंडमध्ये जे सरकारी हुकमाने साधलं ते इथे एकजुटीने साधण्याचा प्रयत्न होता. दक्षिणेतल्या तीन राज्यांत आणि महाराष्ट्रात गरोदर तपासणीला येणाऱ्या १५ ते २४ वयाच्या स्त्रियांमधलं एचआयव्हीचं प्रमाण २००० साली १.७ टक्के होतं, ते २००४ मध्ये १.१ वर आलं. संसारी पोरींमधली ही घट माझ्या मते मुख्यतः धंद्यातल्या कंडोमची कमाई आहे. तिचं श्रेय ज्यांना मिळायला हवं त्यांना कुणी हळदीकुंकवालाही बोलावत नाही, ते सोडा.

पण या वस्त्यांत काम करताना एक भोक कायम राहिलं, आणि त्यातून मी जाळ्याबद्दल जितकं शिकलो तितकं कुठल्या शोधनिबंधातून शिकलो नाही. गिऱ्हाइकाबरोबर कंडोम शंभर टक्के. पण बहुतेकींचा एक ‘मालक’ असतो. मालक म्हणजे धंद्याचा मालक नव्हे. तो तिचा माणूस. सणावाराला येतो, पोराच्या शाळेची फी भरतो, किंवा तिच्याकडूनच पैसे नेतो. त्याच्याबरोबर कंडोम नाही. का, असं एका बाईला विचारलं तर तिने मलाच विचारलं, “तुम्ही घरी वापरता का डॉक्टर?” कंडोम हीच तिच्या लेखी गिऱ्हाईक आणि आपला माणूस यांच्यामधली रेघ होती. आणि या मालकाचं स्वतःचं घर असतं, बायको असते, कधी दुसऱ्या गावातही कुणी असते. म्हणजे शेकडो धागे आपण बांधून टाकले आणि जो एक मोकळा राहिला तो थेट घरात जाणारा. विश्वासाच्या धाग्यावरच संरक्षण सगळ्यांत कमी असतं. पुणे काय, सांगली काय, समलिंगी पुरुषांची जाळी काय, सगळीकडे हेच दिसतं. आमच्या भागातले कोती-पंथी संबंध घ्या: कोती म्हणजे बायकी वळणाचा पुरुष, पंथी म्हणजे त्याचा पुरुषी जोडीदार. बरेच पंथी विवाहित, आणि घरी बायकोबरोबर कंडोमचा प्रश्नच नसतो.

लोक मग विचारतात, ही वस्तीच उठवली तर? नकाशावरचं स्टँडच काढून टाकलं तर? याचं उत्तर गोव्यात मिळालं आहे. वास्कोजवळच्या बायना किनाऱ्यावरची वस्ती जून २००४ मध्ये बुलडोझर लावून पाडली. त्या आधी आणि नंतर तिथे अभ्यास करणाऱ्यांना दिसलं की धंदा संपला नाही, विखुरला. जो एका जागी, एका पद्धतीने चालायचा तो लॉजवर, रस्त्यावर, भाड्याच्या खोल्यांत आणि लपून चालू लागला. संघटना मोडली, कंडोम पोचवणाऱ्या मैत्रिणी हरवल्या, बाईची घासाघीस करण्याची ताकद गेली. धागे तेवढेच राहिले, फक्त आता आम्हाला ते दिसत नव्हते. आता मोबाइलने हेच काम बुलडोझरशिवाय केलं आहे. कामाठीपुरा आणि बुधवार पेठ पूर्वीइतक्या भरलेल्या नाहीत, आणि व्यवहार फोनवर ठरतो. आमच्या पियर एज्युकेटर, म्हणजे वस्तीतल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्या, पूर्वी गल्लीत फिरायच्या, आता त्यांना व्हॉट्सअ‍ॅप नंबर सांभाळावे लागतात.

धागा न तोडता त्यातलं वाहणं थांबवण्याचा एक मार्ग आपल्या हातात आला आहे. २०११ मध्ये एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीचे निकाल आले; पुणे आणि चेन्नईची जोडपीही तिच्यात होती. बाधित जोडीदाराला लवकर एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं, सुरू केल्यावर त्याच्याकडून दुसऱ्याला होणारी लागण ९६ टक्क्यांनी कमी झाली. पुढच्या अभ्यासांनी स्पष्ट केलं की रक्तातला विषाणू सापडण्याच्या पातळीखाली टिकून असेल तर लैंगिक संबंधातून तो पुढे जात नाही. भारतात २०१७ पासून सीडी-४ कितीही असो, निदान झालं की औषध सुरू करायचं असं धोरण आहे. तुमच्या आयसीटीसीतून एआरटी सेंटरला पाठवलेला आणि औषध न चुकवणारा माणूस म्हणजे नकाशावर आहे तिथेच असलेलं, पण संसर्गाच्या दृष्टीने बंद झालेलं स्टँड. परम्याला, गरमीला मात्र याचा काही उपयोग नाही हे रुग्णाला सांगायला विसरू नका.

आता तुमच्या रोजच्या कामाचं. ‘किती जणांशी संबंध?’ हा प्रश्न पहिला विचारू नका. त्याचं उत्तर बायका कमी सांगतात, पुरुष एकतर लपवतात नाहीतर फुगवतात, आणि खरं मिळालं तरी त्याने फार थोडं कळतं. गेल्या तीन महिन्यांत राहणं कुठे कुठे झालं, कामाला कुठे होता, नवरा किती दिवसांनी येतो, त्याला कधी लघवीला जळजळ, चट्टा, गाठ असं झालं होतं का, हे विचारा. यातून जाळं दिसायला लागतं आणि कुणाच्या चारित्र्याला हातही लागत नाही. लघवीच्या वाटेने पू येतो म्हणून आलेल्याला राखाडी किट, म्हणजे परमा आणि क्लॅमिडियावरच्या औषधांचं पाकीट, द्याल तेव्हा जोडीदारालाही उपचार मिळाल्याशिवाय ते काम अर्धंच राहतं. नाहीतर महिन्याने तोच माणूस तीच तक्रार घेऊन येतो आणि औषधाला नावं ठेवतो. स्त्रियांमध्ये परमा आणि क्लॅमिडिया बऱ्याचदा काही लक्षणच दाखवत नाहीत, म्हणून तिला ‘त्रास होतोय का’ विचारून थांबू नका.

जोडीदाराला कळवण्याच्या बाबतीत घाई नको. एचआयव्ही-एड्स प्रतिबंध कायदा २०१७ चा आहे, २०१८ पासून लागू आहे, आणि त्यात संमती आणि गोपनीयता यांना धार आहे. जोडीदाराला सांगण्याची वाट त्यात ठेवली आहे, पण समुपदेशनाच्या पायऱ्या चढून. आणि बाई असेल, सांगितल्यावर तिला मारहाण होईल किंवा घराबाहेर काढतील अशी भीती असेल, तर सांगायचं नाही. हा निर्णय तुम्ही एकटीने घ्यायचा नसतो, डॉक्टर आणि समुपदेशक सोबत हवेत.

राहिला गावातला तो माणूस. तीनदा स्वतःहून तपासणीला आला, म्हणजे कुजबुजणाऱ्यांपेक्षा तो शहाणा आहे. चौथ्यांदा आला तर शेवटचा संबंध कधी झाला ते विचारा, विंडो पिरियडचा हिशेब करा आणि पुढची तारीख लिहून द्या. सोबत सिफिलीसची आरपीआर ही रक्ततपासणी करून घ्या, ती बहुधा तीनही वेळा राहिली असेल. कंडोम मोजून देऊ नका, पिशवीच द्या. तो कुणाला तरी वाटेल.